एक वाटाणा, एक महिना
फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर निवडताना आणि शिकताना

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून सिनेमाचं तंत्र शिकून मुंबईत परतले. पाठोपाठ त्यांनी मागवलेला विल्यमसन कॅमेराही आला. यंत्र होतं, ज्ञान होतं, पण नट, देखावे आणि कपडेपट यांसाठी पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि महिनाभर त्या एकाच रोपाची वाढ चौकटीमागून चौकट टिपली. पडद्यावर तो सगळा महिना काही क्षणांत उलगडला. माती फोडून कोंब वर येतो, मान सरळ करतो, वेल होऊन चढू लागतो. ‘अंकुराची वाढ’ ही ती छोटी फिल्म. ती पाहून भांडवल मिळालं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि चित्रनिर्मिती दोन्ही नाशिकला हलवलं आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. शाळकरी मुलं तिथे सहलीला जातात. मला मात्र त्या स्मारकाशी गेलं की हटकून वाटाणाच आठवतो. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेला, छापखान्याच्या कामात मुरलेला हा माणूस नवं यंत्र हाती आल्यावर एकाच साध्या विषयाजवळ महिनाभर थांबला. फोटो एडिटिंग शिकू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

कारण आपण नेमकं उलटं करतो. कॅमेरा घेतला की आठवड्याभरात प्रश्न येतो, “सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?” मग कुणी लाइटरूम सुचवतो, कुणी फोटोशॉप, कुणी म्हणतो मोफत मिळतंय ते वापर. महिन्याभरात संगणकावर चार सॉफ्टवेअरं येतात, त्यातलं एकही धड येत नाही आणि फोटो आहेत तिथेच राहतात. मी स्वतः पहिलं वर्ष असंच घालवलं. नंतर लक्षात आलं की हा प्रश्न विचारायचा असतो आपल्याच फोटोंना.

आधी फोटोंना विचारा

गेल्या वर्षभरात काढलेल्या फोटोंमधून दहा निवडा. सर्वांत सुंदर दहा नकोत. ज्यांच्याकडे पाहून “तिथे असं दिसत नव्हतं” असं वाटतं, ते दहा घ्या. प्रत्येकाखाली एका ओळीत तक्रार लिहा. नाशिकमध्ये फिरणाऱ्या कुणाच्याही यादीत पुढच्या चारांपैकी दोन-तीन तक्रारी हमखास निघतील.

पहिली तक्रार काळाराम मंदिराची. मंदिर काळ्या दगडाचं, पण फोटोत दगड राखाडी, धुरकट येतो. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असावं, असं धरूनच कॅमेऱ्यातलं प्रकाशमापक चालतं. सगळी चौकट काळ्या दगडाने भरली की ते दगडाला उजळवून राखाडी करतं. इथे गरज आहे ती फक्त एक्सपोजर खाली आणण्याची आणि काळ्याला काळं ठरवण्याची. हे काम मोबाइलमधलं साधं ॲपही करतं.

दुसरी तक्रार नांदूर मधमेश्वरची. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही जागा पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली, महाराष्ट्रातली पहिली. थंडीत पहाटे तिथे पोचलं की पाण्यावर धुकं असतं आणि उजेड अगदी कमी. शटरचा वेग राखण्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो, त्याला आपण नॉइज म्हणतो. शिवाय पक्षी लांब. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची चौकट साधारण ६००० बाय ४००० ठिपक्यांची असते. शेकाट्या मोठा दिसावा म्हणून दोन्ही बाजू निम्म्या कापल्या की उरतात ३००० बाय २०००, म्हणजे फक्त ६ मेगापिक्सेल. कापलेल्या फोटोत नॉइजही मोठा दिसू लागतो. पक्षी टिपणाऱ्याला म्हणून नॉइज कमी करण्याची ताकद असलेलं सॉफ्टवेअर हवं. इतर सोयी त्यानंतर.

तिसरी तक्रार पावसाळ्यातल्या अंजनेरी-ब्रह्मगिरीची. दमट हवेमुळे दूरचे कडे फिके पडतात आणि हिरवा रंग सगळीकडे एकच होऊन जातो. डोळ्यांना तिथे पोपटी गवत, शेवाळी कातळ आणि कारवीचा गडद हिरवा असे वेगवेगळे हिरवे दिसलेले असतात. इथे हवा रंगांवर बारीक ताबा. पिवळ्याकडे झुकणारा हिरवा वेगळा धरता यावा, निळ्याकडे झुकणारा वेगळा.

चौथी तक्रार गोदाघाटाची. सूर्योदयाला रामकुंडाजवळ उभं राहिलं की आकाश लख्ख आणि घाटाच्या पायऱ्या अंधारात. संध्याकाळी आरतीच्या वेळी दिव्यांचा पिवळा आणि आकाशाचा निळा एकाच चौकटीत भांडतात. असल्या फोटोंसाठी मास्क लागतात, म्हणजे फोटोच्या एका भागावर वेगळं आणि दुसऱ्यावर वेगळं काम करण्याची सोय. २०२७ च्या सिंहस्थात घाटावर कॅमेरा घेऊन उतरायचा बेत असेल, तर आणखी एक गरज यादीत घाला. एका दिवसात हजार-दोन हजार फोटो निघतील, तेव्हा भराभर निवड करता आली पाहिजे.

तक्रारींची यादी झाली की अर्धी निवड आपोआप होते.

निगेटिव्ह जपून ठेवा

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ती म्हणजे रॉ फाइल.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका फक्त उजेड मोजतो, त्याला रंग कळत नाही. त्याच्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची बारीक गाळणी असते. कोडॅकमधले ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या मांडणीत निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे असतात, कारण मानवी डोळा हिरव्याच्या बाबतीत जास्त तीक्ष्ण आहे. आजचे बहुतेक कॅमेरे याच मांडणीवर चालतात. या कच्च्या मोजणीची नोंद म्हणजे रॉ. तिच्यातून शेजारच्या ठिपक्यांचा अंदाज घेऊन पूर्ण रंग उभे करावे लागतात. जेपेग निवडलं की हे काम कॅमेरा स्वतः करतो, नको वाटलेली माहिती टाकून देतो आणि तयार फोटो हातात देतो.

टाकून देतो ती माहिती किती? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. गोदाघाटाच्या अंधाऱ्या पायऱ्या उजळताना जेपेगमध्ये उजेडाच्या मोजक्याच पायऱ्या ताणल्या जातात, म्हणून तिथे डाग आणि पट्टे उमटतात. रॉमध्ये त्याच जागी पायरीवरचं ओलं पाऊल सापडतं. एक सावधगिरी मात्र रॉलाही लागते. सेन्सर सरळ रेषेत मोजतो, त्यामुळे सर्वांत उजळ टप्प्याच्या वाट्याला निम्म्या पायऱ्या जातात आणि सर्वांत गडद सावल्यांच्या वाट्याला अगदी थोड्या येतात. फोटो फारच काळा काढला, तर रॉसुद्धा सावलीतून नॉइजच वर आणेल. आणि पांढऱ्या चमचा पक्ष्याची पिसं पूर्ण जळली, तर ती कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत.

जुने स्टुडिओवाले गिऱ्हाइकाला बजावत, निगेटिव्ह जपून ठेवा. रॉ ही आपली निगेटिव्ह. कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याची सोय असेल तर सुरुवातीचे महिने तीच वापरा.

कुणी काय घ्यावं

आता निवड. गरज, खिसा आणि संगणक या तीन गोष्टी समोर ठेवून ती केली तर गोंधळ होत नाही.

फक्त मोबाइलवर फोटो काढणाऱ्याने मोबाइलवरच शिकावं. स्नॅपसीड हे ॲप २०११ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी ते बनवणारी कंपनी गूगलने घेतली. ते मोफत आहे आणि त्यात कर्व्ह, ठरावीक जागेपुरता उजेड, नकोसा डाग पुसणं हे सगळं आहे. काळारामची तक्रार त्यावर पाच मिनिटांत सुटते.

कॅमेरा आहे, पण पैसे खर्च करायचे नाहीत, त्यांनी आधी स्वतःच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर उघडावं. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. कॅमेऱ्याने जेपेगमध्ये जे रंग दिले असते, तेच रंग ही सॉफ्टवेअरं रॉमधून काढून दाखवतात. नवशिक्याला त्यामुळे ओळखीच्या जागेवरून सुरुवात करता येते.

पुढची पायरी डार्कटेबल किंवा रॉथेरपी. दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत, म्हणजे त्यांची घडण कुणालाही पाहता आणि सुधारता येते. डार्कटेबल २००९ मध्ये सुरू झालं. फोटो निवडण्याच्या पडद्याला त्यात लाइटटेबल म्हणतात आणि काम करण्याच्या पडद्याला डार्करूम. नॉइज कमी करताना ते त्या-त्या कॅमेऱ्याच्या मोजलेल्या नॉइजचा आधार घेतं, म्हणून नांदूर मधमेश्वरच्या फोटोंना ते चांगलं मानवतं. मास्कही भक्कम आहेत. मात्र ते शिकायला वेळ लागतो. त्याचे विभाग इतके आहेत की पहिल्या आठवड्यात हरवल्यासारखं होतं. पहिल्या महिन्यात पाच-सहा विभागांपलीकडे जायचं नाही, असं ठरवलं की भीती जाते.

मोफत सॉफ्टवेअरमधला जुनाजाणता म्हणजे गिंप. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते सुरू केलं. एका फोटोवर दुसरा बसवणं, वायर पुसणं, अक्षरं टाकणं ही त्याची कामं. रॉ मात्र ते स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे पाठवतं. म्हणून गिंपला त्यांपैकी एकाची जोड द्यावी. अफिनिटी हे पूर्वी विकत मिळणारं सॉफ्टवेअरही २०२५ च्या अखेरीपासून मोफत झालं आहे. ज्यांना गिंपची मांडणी रुचत नाही त्यांनी ते पाहावं.

पैसे देण्याची तयारी असेल तर लाइटरूम आणि फोटोशॉप ही जोडी आहेच. फोटोशॉपचा उगम मिशिगन विद्यापीठातल्या थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. भाऊ जॉनसोबत त्याने तो वाढवला आणि १९९० मध्ये ॲडोबीने बाजारात आणला. लाइटरूम २००७ चं. हौशी छायाचित्रकाराचं नव्वद टक्के काम लाइटरूममध्येच भागतं, हा माझा अनुभव आहे. हजारो फोटो निवडणं, एकावर केलेलं काम शंभरांवर उतरवणं, आकाश किंवा माणूस आपोआप ओळखून मास्क करणं यात ते फार सोयीचं आहे. सिंहस्थासारख्या प्रसंगी ही सोय मोलाची ठरते. पण ते भाडेतत्त्वावर मिळतं. भरणा थांबला की लाइटरूम क्लासिकमधले फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, मात्र डेव्हलप हा मुख्य विभाग बंद होतो. हा खर्च वर्षानुवर्षं चालणार, हे धरूनच निर्णय घ्यावा. पक्षी हाच ध्यास असेल तर फ्रान्समधल्या डीएक्सओ कंपनीचं फोटोलॅब नॉइज कमी करण्यात नावाजलेलं आहे. त्याची चाचणी आवृत्ती घेऊन स्वतःच्याच दहा फोटोंवर पारख करा.

चोरून मिळवलेली आवृत्ती घेऊ नका. इतकी चांगली साधनं मोफत असताना तिची गरजच उरलेली नाही. शिवाय तिच्यासोबत संगणकात काय शिरेल ते सांगता येत नाही, आणि आपल्या वर्षानुवर्षांच्या आठवणी त्याच संगणकात असतात.

संगणकाबद्दल थोडंसंच. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर काम सुखाने होतं. पडद्याचा उजेड मात्र सांभाळा. बहुतेक जण तो पूर्ण वाढवून ठेवतात. त्या झगमगाटात फोटो उजळ वाटतो आणि लॅबमधून छापून आला की काळवंडलेला दिसतो. पूर्ण अल्बम छापायला देण्याआधी एसआरजीबी रंगव्यवस्थेतल्या जेपेगच्या चार-पाच छोट्या प्रती काढून आणा आणि पडद्याशेजारी धरून पाहा. पडदा किती कमी करायचा ते त्या प्रतीच सांगतील.

शिकण्याचा क्रम

सॉफ्टवेअर कुठलंही असो, कामाचा क्रम सारखाच राहतो. आधी फोटो सरळ करणं आणि कापणं. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरं ठरवणं. त्यानंतर एक्सपोजर, सर्वांत काळं आणि सर्वांत पांढरं कुठे असावं ते ठरवणं. मग कॉन्ट्रास्ट, मग रंग, मग मास्क लावून ठरावीक जागांवरचं काम. नॉइज आणि धार शेवटी. घराला रंग देताना आधी भिंत घासतात, मग प्रायमर, मग रंग. तसंच हे आहे. आधीची पायरी चुकली तर पुढची प्रत्येक पायरी ती चूक झाकण्यात खर्च होते.

यातलं काहीही संगणकाने शोधलेलं नाही. एन्लार्जरखाली कागदावर उजेड पडत असताना जुने छायाचित्रकार काडीला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा एखाद्या भागावर हलवत, तो भाग उजळ राही. त्याला डॉजिंग म्हणत. हाताच्या ओंजळीतून एकाच जागी जास्त उजेड सोडला की ती जागा गडद होई, ते बर्निंग. फोटोशॉपमध्ये या दोन साधनांची चिन्हं आजही काडीवरचा तुकडा आणि वळवलेला हात अशीच आहेत. फाळक्यांच्या घरी रात्री अंधारखोलीत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्याच्या कामाला हातभार लावत. तिथे हात रसायनात असत. आपल्या हाताखाली माऊस आहे. उजेड कुठे ठेवायचा आणि कुठे आवरायचा, हा निर्णय तोच आहे.

म्हणून एक वही करा, मराठीत. प्रत्येक स्लाइडर काय करतो ते पुस्तकी व्याख्येने लिहू नका, डोळ्यांना दिसलं तसं लिहा. “शॅडोज वाढवले की पायऱ्यांवरचे दिवे दिसू लागतात, पण फार वाढवले की रात्रच नाहीशी होते.” माझ्या वहीतली ही नोंद मला कित्येक व्हिडिओंपेक्षा जास्त कामाला आली. शिकवणारे व्हिडिओ जरूर पाहा, पण ते दुसऱ्याच्या फोटोवरचे असतात. पाहून झालं की त्याच संध्याकाळी स्वतःच्या फोटोवर करून पाहा.

काम टिकवायचं तर

रॉवर काम करणारी सॉफ्टवेअरं मूळ फाइलला हात लावत नाहीत. “एक्सपोजर इतकं, रंग असा” अशा सूचना तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवतात. लाइटरूम क्लासिक त्या कॅटलॉग नावाच्या नोंदवहीत ठेवतं, डार्कटेबल आपल्या नोंदवहीबरोबरच फोटोशेजारच्या एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये, रॉथेरपी पीपी३ फाइलमध्ये. ही फार मोठी सोय आहे, पण तिला जपावं लागतं. एकदा मी आवराआवर करताना सगळे फोल्डर बाहेरूनच हलवले आणि कॅटलॉगला एकही फोटो सापडेना. पुन्हा जोडण्यात दोन रविवार गेले. तेव्हापासून फोल्डर हलवायचे तर सॉफ्टवेअरच्या आतूनच, आणि प्रत एका जादा डिस्कवर ठेवायची तर फोटोंसोबत या सूचनांचीही, हा नियम केला.

सॉफ्टवेअरलाही आयुष्य असतं. घरोघरी वापरलं जाणारं पिकासा गूगलने २०१६ मध्ये बंद केलं. ॲपलचं ॲपर्चर २००५ मध्ये थाटात आलं आणि दहा वर्षांत विक्रीतून गेलं. त्यांच्यावर वर्षं घालवलेल्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. म्हणून आवडते फोटो पूर्ण आकाराच्या जेपेगमध्येही काढून ठेवा. उद्या सॉफ्टवेअर गेलं, तरी फोटो राहील. आणि उजेड वाचण्याची शिकलेली नजर तर कुणीच काढून घेऊ शकत नाही.

कुठे थांबायचं, तेही ठरवून ठेवा. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी सुमारे २० टक्के फोटो अवाजवी फेरफारामुळे बाद झाले. देखाव्यातली विजेची तार पुसली तर बिघडत नाही. पण नांदूर मधमेश्वरचा पक्षी हा एका जागेची आणि एका दिवसाची नोंद असतो. त्याच्या थव्यात दोन पक्षी वाढवले, तर ती नोंद खोटी होते. घाटावर डुबकी घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही त्याच्याच असतात, त्या पुसण्याचा हक्क आपला नाही.

तीस चौकटी

आता पुन्हा वाटाण्याकडे येऊ. तक्रारींच्या त्या दहा फोटोंपैकी एक निवडा, शक्यतो गोदाघाटाचा, कारण त्यात अंधार, उजेड, पाणी, दगड आणि माणसं सगळं असतं. सॉफ्टवेअर एकच ठेवा. महिनाभर रोज वीस मिनिटं त्याच रॉवर अगदी कोऱ्यापासून काम करा. लाइटरूममध्ये व्हर्च्युअल कॉपी आणि डार्कटेबलमध्ये डुप्लिकेट ही सोय आहे. ती वापरली की एकाच रॉच्या हव्या तितक्या आवृत्त्या जवळजवळ जागा न घेता राहतात. कालची आवृत्ती उघडायची नाही. वहीत एकच ओळ लिहायची, आज काय नव्याने दिसलं.

पहिल्या आठवड्यात रंग भडक होतील, ते होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सावल्यांच्या मागे लागाल. तिसऱ्यात कधीतरी लक्षात येईल की आकाश जरा गडद केलं तर पायऱ्या उजळायची तेवढी गरजच उरत नाही. त्या दिवशी स्लाइडर मागे पडतील आणि तुम्ही फोटो पाहू लागलेले असाल.

तिसाव्या दिवशी सगळ्या आवृत्त्या जेपेगमध्ये काढा आणि क्रमाने एकामागून एक भराभर पाहा. घाट तोच, पहाट तीच, रॉ तीच. पण चौकटीमागून चौकट काहीतरी ताठ होत, उजेडाकडे वळत गेलेलं दिसेल. कुंडीसमोर महिनाभर कॅमेरा लावून बसलेल्या त्या त्र्यंबकेश्वरच्या माणसाला वाटाण्याची वाढ दिसली. तुम्हाला तुमच्या नजरेची दिसेल.